माझ्या हाताचे दुखणे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या या शुभदिनी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी प्रथम ‘नाही’च म्हटले. मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढची शाळा नदीपलीकडच्या गावाला आणि घरात पाठची तीन भावंडे. तेव्हा दप्तर खुंटीला लागले ते लागलेच. मंडळात आजवर माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे, चहा करणे आणि हळदीकुंकवाला खोबऱ्याच्या वड्या थापणे. उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, “तुमच्या हाताचे जे झाले तेवढेच सांगा. दुसरे काही नको.” मग मला वाटले, हे सांगणे माझे कर्तव्यच आहे. त्या हाताविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलणे झाले, पण ते माझ्या पाठीमागे झाले. आज ते समोरासमोर होऊ दे.

२०२३ सालची वटपौर्णिमा ३ जूनला, शनिवारी होती. नारळ खोवताना हात घसरला आणि विळीच्या खोवणीचा दात माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या सांध्यावर लागला. आपल्या हाताला असे ओरखडे रोजचेच. चिमूटभर हळद दाबली आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी आमच्याकडे फिश टँक धुण्याचे काम असते. मुलाला सातवीत, म्हणजे माझ्याच इयत्तेत, चांगले गुण मिळाले म्हणून त्याच्या वडिलांनी ती काचेची पेटी घेऊन दिली होती. तळाला रंगीत खडे, एक बुडबुडे सोडणारे यंत्र आणि सहा-सात मासे. मासे मुलाने पाहायचे आणि पाणी आईने बदलायचे, ही वाटणी न बोलता ठरलेली. मी कोपरापर्यंत हात घालून खडे चोळले, काचेवरचे शेवाळ खरवडले. ओरखडा थोडा चुरचुरला. मी लक्ष दिले नाही.

पुढे आषाढी एकादशीला, म्हणजे २९ जूनला, साबुदाणा भिजवताना माझे लक्ष बोटाकडे गेले. ओरखडा केव्हाच भरला होता, पण त्या जागी मुगाएवढी तांबडी पुळी आली होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती. पंधरा दिवसांत ती हरभऱ्याएवढी झाली, रंग जांभळट झाला आणि वरून खपली धरू लागली.

येथून माझ्या चुका सुरू होतात, त्या क्रमाने सांगते. सासूबाईंनी अळशीचे पोटीस बांधले, ते चार दिवस ठेवले. मग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून नायट्याची ट्यूब आणली. लावल्यावर तांबडेपणा उतरला, म्हणून मी खूश झाले. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉईड नावाचे औषध होते, हे मला पुढे कळले. ते वरची सूज दाबते आणि आतल्या जंतूला मात्र मोकळे रान मिळते. मग ओळखीच्या डॉक्टरांनी पुवावरच्या गोळ्या दिल्या, पाच दिवस आणि पुन्हा पाच दिवस. गाठ हलली नाही. उलट मनगटाच्या वर दुसरी गाठ आली, तिच्यावर चार बोटे सोडून तिसरी, आणि कोपराच्या खाली चौथी. दोऱ्यात मणी ओवावेत तशा त्या एका रांगेत होत्या.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. निज श्रावणात एका मंगळवारी आपल्या मंडळाने मंगळागौरीचे खेळ ठेवले होते. मी लांब बाह्यांचे पोलके घालून आले होते, पण फुगडीसाठी हात पुढे केला तेव्हा बाही वर सरकली. समोरच्या वहिनींनी आपले हात पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, “आज माझी कंबर धरली आहे हो.” थोड्या वेळाने त्याच वहिनी दुसरीबरोबर फुगडी घालत होत्या. मी त्यांचे नाव घेणार नाही. त्या येथे बसल्या असतील तर त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पुढे मी माझ्याविषयी जे सांगणार आहे, त्यात माझा दोष त्यांच्याहून मोठा आहे.

त्या दिवसापासून ‘महारोग’ हा शब्द आमच्या जिन्यात ऐकू येऊ लागला. कोणी माझ्या तोंडावर बोलले नाही. पण त्या गौरीगणपतींत माझ्या हातच्या वड्या कोणी मागितल्या नाहीत, त्यावरून मला समजायचे ते समजले. रात्री मी दिव्याखाली हात धरून बसत असे. आमचे हे छापखान्यात नोकरीला आहेत. ते म्हणाले, “बघत बसून काय होणार? गणपती जाऊ दे. मग आपण मोठ्या इस्पितळातल्या कातडीच्या डॉक्टरांना दाखवू.”

त्याप्रमाणे सप्टेंबरअखेर गेलो. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या पुतणीएवढ्या. त्यांनी आधी कापसाची वात करून मला डोळे मिटायला सांगितले आणि कापूस लागला की बोलायचे असे सांगितले. वात जेथे जेथे लागली तेथे तेथे मी ‘लागली’ म्हटले. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही. त्यांनी कोपराची आणि मनगटाची शीरही चाचपून पाहिली. मग म्हणाल्या, “मावशी, हा कुष्ठरोग वाटत नाही. आणि तो असता तरी घाबरण्यासारखे काही नव्हते. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि रोगी पूर्ण बरा होतो.” मला तेथेच रडू आले.

पुढे त्यांनी प्रश्न सुरू केले. “गुलाबाचा किंवा बाभळीचा काटा लागला होता का? शेतात, बागेत काम करता का? मासे साफ करता का? समुद्रात, तळ्यात हात जातो का?” काटा लागला तर एक बुरशीही अशीच गाठींची रांग उठवते, म्हणून तो प्रश्न होता. मी म्हटले, “मासे आठवड्यातून एकदा येतात, ते कोळीणच साफ करून देते.” तेवढ्यात बरोबर आलेला मुलगा म्हणाला, “आई, आपला टँक!” डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “हे आधी कोणालाच सांगितले नाहीत?” खरेच, मला कोणी विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. काचेतल्या शोभेच्या माशांचा हाताच्या गाठीशी काही संबंध असेल, हे कोणाच्या मनात येणार?

बोट बधिर करून त्यांनी गाठीचा लहानसा तुकडा काढला आणि त्याचे दोन भाग केले. एक भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी होता. दुसरा जंतू वाढवून पाहण्यासाठी, म्हणजे कल्चरसाठी. त्यांनी चिठ्ठीवर मुद्दाम लिहिले की हे कल्चर ३० अंश उष्णतेवरही ठेवावे. एरवी असे नमुने शरीराच्या उष्णतेएवढ्या, म्हणजे ३७ अंशांच्या पेटीत ठेवतात. हा जंतू पडला थंड पाण्यातला. ३७ अंशांत तो नीट वाढत नाही, आणि मग ‘जंतू नाही’ असे खोटेच उत्तर येते. म्हणून भगिनींनो, आपण डॉक्टरांना पाण्याची आणि माशांची गोष्ट सांगितली नाही, तर प्रयोगशाळेलाही तो जंतू सापडणे कठीण होते. माझ्या सबंध दुखण्यातून मी काही एक शिकले असेन तर ते हे.

जंतू वाढायला पाच आठवडे लागले. उत्तर आले: मायकोबॅक्टेरियम मॅरिनम. हे नाव मी पाठ केले आहे, म्हणून सांगू शकते.

हा कोण, ते मला डॉक्टरीणबाईंनी समजावले, तसेच मी तुम्हांला सांगते. मायकोबॅक्टेरियम हे जंतूंचे एक मोठे कुळ आहे. नॉर्वेच्या डॉ. हॅन्सेन यांना १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू सापडला, तो या कुळातला. जर्मनीच्या डॉ. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवून दिला, तोही यातलाच. पण या दोन बदनाम भावांच्या पाठीमागे त्यांची दीडशेहून अधिक भावंडे आहेत. ती बहुतेक माती, पाणी, शेवाळ, नळाच्या आतली बुळबुळ येथे राहतात आणि सहसा आपल्या वाटेला जात नाहीत. आपण रोज त्यांच्यासह अंघोळ करतो आणि काही होत नाही, कारण धडधाकट कातडी हे आपले कुलूपबंद दार आहे. दार कोठे फुटले, म्हणजे ओरखडा, काटा, सुई, शस्त्रक्रिया, तर ती आत येतात.

मॅरिनम हा मुळात माशांचा रोग. १९२६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या माशांत तो प्रथम आढळला. माणसांत तो १९५१ साली स्वीडनमधल्या एका पोहण्याच्या तलावावरून ओळखला गेला. तेथे पोहणाऱ्या पुष्कळांच्या कोपरांवर अशाच गाठी आल्या होत्या. आता तलावांच्या पाण्यात औषध घालतात, त्यामुळे तो बहुतेक फिश टँक धुणाऱ्यांना, कोळी लोकांना आणि मासे साफ करणाऱ्यांना होतो. जखम झाल्यापासून बहुधा दोन ते चार आठवड्यांनी पुळी येते. कधी कधी तर महिनेच्या महिने जातात आणि माणूस मूळ ओरखडा विसरून जातो. थंडावा आवडणारा जंतू असल्यामुळे तो हात, बोटे, कोपर, गुडघे अशा गार भागांत राहतो. गाठींची रांग का येते, तर आपल्या अंगात रक्ताच्या शिरांखेरीज रस वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांच्यातून तो वर सरकतो.

आणि हे कृपा करून नीट ऐका. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला होत नाही. हाताला हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने, माझ्या हातच्या वड्या खाल्ल्याने तो होत नाही.

आता उपचाराविषयी. आपण फणस चिरताना हाताला तेल लावतो, मग चीक चिकटत नाही. या कुळातल्या जंतूंच्या अंगावरही असेच मेणचट कवच असते. त्यामुळे पुष्कळशी औषधे त्यांच्या आत शिरतच नाहीत. शिवाय ते वाढतात सावकाश आणि मरतातही सावकाश. म्हणून पाच दिवसांच्या गोळ्यांनी येथे भागत नाही. महिनेच लागतात. एखादीच वरवरची पुळी असेल तर कित्येकदा डॉक्सिसायक्लिनसारखे एकच औषध देतात. माझ्या गाठी चार आणि वर चढणाऱ्या, म्हणून मला दोन औषधे दिली, क्लॅरिथ्रोमायसिन आणि एथाम्ब्युटॉल. दुखणे सांध्यापर्यंत किंवा हाडापर्यंत गेले असेल तर रिफॅम्पिसिनही देतात आणि वेळप्रसंगी शस्त्रक्रियाही करावी लागते. त्यांतली काही औषधे क्षयावरही चालतात. म्हणून नुसता तुकड्याचा अहवाल पाहून कोणी ‘कातडीचा क्षय’ म्हणण्याचा संभव असतो. पण क्षयाच्या उपचारातील आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड या गोळ्यांना हा जंतू सहसा दाद देत नाही. तेव्हा नेमका जंतू कोणता हे कळणे अगत्याचे आहे. आणि ही नावे मी सांगितली ती कानावर असावीत म्हणून. आपल्या मनाने कोणी गोळी घेऊ नये.

प्रत्येक औषधाचा आपला एक स्वभाव असतो. क्लॅरिथ्रोमायसिनने माझ्या तोंडाला सारखी धातूची चव येई. आमटीसुद्धा पितळेच्या भांड्यात विटल्यासारखी लागे. मळमळे. एथाम्ब्युटॉल कधी कधी डोळ्यांच्या शिरेला बाधते, विशेषतः तांबडा व हिरवा रंग ओळखण्यात चूक होऊ लागते. म्हणून आधी डोळे तपासून घेतले, आणि रोज सकाळी एकेक डोळा झाकून हातातल्या हिरव्या बांगड्या आणि करंड्यातले कुंकू पाहायचे असा नेम मी ठेवला. जरा अंधुक वाटले तर गोळी थांबवून त्याच दिवशी यायचे, असे मला बजावले होते. ज्यांना रिफॅम्पिसिन असते त्यांची लघवी नारिंगी होते, त्याने भिऊ नये. मात्र पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा गुण त्याने कमी होतो, हे आपल्या सुनालेकींनी डॉक्टरांशी मोकळेपणी बोलून घ्यावे. डॉक्सिसायक्लिनची गोळी पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यावी, घेऊन लगेच आडवे होऊ नये, आणि कडक उन्हापासून जपावे.

तुकड्याचा अहवाल लवकर आला होता, त्यामुळे कल्चरची वाट न पाहता ऑक्टोबरातच औषध सुरू झाले. दिवाळीपर्यंत फरक दिसला. डिसेंबरअखेर गाठी बसल्या, नुसते काळसर डाग राहिले. आणि येथे मी सर्वांत मोठी चूक केली. महिन्याचे औषध दोन हजारांच्या वर जात होते. मुलाची शिकवणीची फी थकली होती. तोंडाची चव गेलेली. मी मनाशी म्हटले, गाठ गेली म्हणजे रोग गेला. कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. यांना वाटे मी घेते आहे. मी रिकामी पाकिटे तशीच डब्यात ठेवत असे. पुढच्या महिन्यात, संक्रांतीचे वाण वाटताना, मनगटावरचा डाग पुन्हा फुगलेला दिसला. रथसप्तमीपर्यंत दोन गाठी पहिल्यासारख्या झाल्या.

डॉक्टरीणबाई रागावतील म्हणून मी आणखी आठ दिवस गेले नाही. शेवटी गेले, तर त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “गाठ दिसेनाशी झाली तरी आत जंतू उरलेले असतात. म्हणून गाठी पूर्ण गेल्यावरही एक-दोन महिने औषध चालू ठेवायचे असते. पैशांची अडचण होती तर मला सांगायचे होते.” मग त्यांनी इस्पितळातून काही गोळ्या मिळण्याची तजवीज केली. फेब्रुवारीपासून जून २०२४ अखेरपर्यंत मी एकही दिवस चुकवला नाही. मुलाने भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज फुली मारली. आज हात हा असा आहे. चार डाग आहेत, ते राहतील.

या कुळातले दुसरे जंतूही आपल्या बायकांच्या वाट्याला येतात, म्हणून थोडे विषयांतर करते. आमच्या जाऊबाईंची पित्ताशयातल्या खड्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. टाके सुकले, घरी आल्या. महिन्याभराने बेंबीजवळच्या भोकाशी गाठ येऊन पाणी झिरपू लागले. पुवाच्या गोळ्यांनी चार दिवस थांबे, पुन्हा झिरपे. माझ्या अनुभवामुळे आम्ही कल्चरचा आग्रह धरला, तर तेथेही याच कुळातला, पण लवकर वाढणारा जंतू निघाला. शस्त्रक्रियेची हत्यारे किंवा सुया नीट निर्जंतुक झाल्या नाहीत किंवा शेवटी साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या तर असे घडते. नळाच्या पाण्यातल्या औषधाला हे जंतू इतरांहून चिवट असतात. त्यांची औषधे माझ्यापेक्षा वेगळी होती. इंजेक्शने होती, जागा कापून साफ करावी लागली आणि पुढे महिनोन् महिने गोळ्या. एकाच कुळातले जंतू असले तरी एकीचे औषध दुसरीला चालत नाही, हे यावरून ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट सौंदर्यगृहाची. २००० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील एका अशा दुकानात पाय बुडवण्याच्या टबांमुळे शंभराहून अधिक गिऱ्हाइकांच्या पोटऱ्यांवर फोड आले. टबाच्या जाळीमागे केस आणि मळ साचला होता आणि त्यात हे जंतू वाढले होते. ज्यांनी आधी पायांवरून वस्तरा फिरवला होता त्यांना ते अधिक झाले. हल्ली लग्नाआधी आपल्या मुलीही अशा ठिकाणी जातात. जावे, पण त्या दिवशी आणि आदल्या दिवशी पायांवर वस्तरा फिरवू नये, पायाला जखम असेल तर टबात पाय घालू नये, आणि टब केव्हा धुतला हे विचारायला लाजू नये.

आता आपल्या घरापुरत्या चार गोष्टी सांगते. हाताला ओरखडा असेल तर टँक, मासे, खेकडे यांना उघडा हात लावू नये. कोपरापर्यंत येणारे रबरी मोजे मिळतात ते घालावेत. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. टँकचे पाणी जेथे भांडी-भाजी धुतो त्या मोरीत ओतू नये. कोणतीही पुळी तीन-चार आठवडे भरली नाही, किंवा साध्या औषधाने हटली नाही, तर ट्यूब बदलत न बसता कातडीच्या डॉक्टरांकडे जावे आणि आपण हाताने काय काय करतो ते सगळे न विचारता सांगावे. ज्यांना मधुमेह आहे, किंवा ज्यांना सांधेदुखीसाठी अंगाची प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू आहेत, त्यांनी तर मुळीच थांबू नये. त्यांच्यात असे दुखणे खोल जाऊ शकते.

टँकचे काय केले, असे पुष्कळजणी विचारतात. मुलगा रडून म्हणाला होता, “माझ्यामुळे तुला झाले, मी मासे देऊन टाकतो.” मी त्याला देऊ दिले नाहीत. माशांनी काही मुद्दाम केले नव्हते. आता टँक तो धुतो, मोजे घालून. पाणी बदलण्याच्या वाटणीत एवढा फरक मात्र या दुखण्याने पडला.

शेवटी, मघाशी ज्याचा उल्लेख केला तो माझा दोष. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे भांडी घासायला एक मावशी येत. त्यांच्या ओठांवर आणि बोटांवर पांढरे डाग होते. ते कोड होते. कोड मुळीच लागट नसते. त्यात कसला जंतूच नसतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि मी विचारलेही नाही. त्यांचा कान तुटका कप मी खिडकीत वेगळा ठेवला होता. दोन वर्षे त्या त्या कपात चहा प्यायल्या, स्वतः विसळून खिडकीत पालथा घालून जात, आणि एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे त्या गावी गेल्या. गाव मला माहीत नाही. मंगळागौरीच्या दिवशी वहिनींनी हात पदराखाली घेतले, तेव्हा मला पहिल्यांदा तो कप आठवला.

मला त्यांची क्षमा मागता येत नाही, म्हणून आज येथे हे बोलले. आपल्यापैकी कोणाच्या अंगावर काही उठले, तर तिला आधी डॉक्टरांकडे न्या आणि घरी येऊन तिच्या हातचा चहा प्या. औषध महिनेच्या महिने घ्यावे लागते, ते एकटीने घेणे फार जड जाते. माझ्या औषधाच्या दिवसांत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू रोज संध्याकाळी येऊन, काही न बोलता, माझा हात हातात घेऊन गाठी पाहून जात. त्या शेवटच्या पाच महिन्यांत मी एकही गोळी चुकवली नाही, त्यात त्यांचाही वाटा आहे.

माझे काही चुकले असेल तर पदरात घ्यावे. बाहेर वड्यांचे ताट ठेवले आहे. त्या मीच थापल्या आहेत. जाताना सर्वांनी घ्याव्यात, ही विनंती करून मी आपली रजा घेते.